लाड, अनेकवचनी

वाचता यायला लागलं तेव्हा मी सगळ्यात आधी वाचल्या त्या एसटीच्या पाट्या. आमच्या फाट्यावर मूर्तिजापूरकडून येणारी गाडी थांबायची, तिच्या कपाळावर ‘कारंजा (लाड)’ असं लिहिलेलं असायचं. कंस कशासाठी असतो हे अजून शाळेत यायचं होतं. लाड म्हणजे काय हे मात्र शाळेच्या आधीच कळत होतं. त्यामुळे गाडीत दाटीवाटीने बसलेली, गाठोडी मांडीवर घेतलेली ती माणसं तिकीट काढून कुठेतरी लाड करून घ्यायला चालली आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली. परतीच्या गाडीतली माणसं मला जास्त खूष दिसत.

एकदा मी काकाला विचारलं, “कारंज्याले लाड करतात का?” काका हसला नाही. त्या काळी पोरांच्या प्रश्नाला न हसणारा तो आमच्या घरातला एकटाच मोठा माणूस होता. पुढच्या रविवारी त्याने सायकलच्या दांडीला पोतं गुंडाळलं, मला वर बसवलं आणि कारंज्याला नेलं. आधी नृसिंह सरस्वतींच्या मंदिरात डोकं टेकवलं. मग हलवायाकडची गरम जिलबी. मग एक पेन्सिल, मागे खोडरबर असलेली. येताना उतारावर पाय पेडलवरून काढून तो म्हणाला, “झाले ना लाड? मंग पाटी खोटी नाही.”

पाटी खोटी नव्हतीच, पण खरी वेगळ्या कारणाने होती. आपल्या विदर्भात कारंजी दोन. वर्धा जिल्ह्यातलं ते घाडग्यांचं, आमचं ते लाडांचं. हे लाड म्हणजे लाड समाजाचे लोक. दक्षिण गुजरातला पूर्वी लाट म्हणत, तिथून आलेले ते लाड. मुंबईतल्या भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ पासून ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. भाऊ दाजींचं आडनावही लाडच. लाटानुप्रास नावाचा अलंकार मराठीच्या तासाला घोकला होता, त्यातली लाट समुद्राची नव्हे, ह्याच लाट देशाची. म्हणजे एसटीच्या कंसातल्या शब्दाचा जिलबीशी काही संबंध नाही. हे मला कॉलेजात कळलं आणि चुटपुट लागली. तोवर कारंजा अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाला, कारंजा त्यात गेलं, आणि काकाच्या त्या रविवारचा जिल्हासुद्धा बदलला.

तेव्हापासून ह्या शब्दावर माझी नजर असते. मास्तरकी केलेल्या माणसाला तशी खोड लागते.

पहिली गोष्ट म्हणजे ह्याचं एकवचन मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘तिने माझा एक लाड केला’ असं मराठी माणूस म्हणत नाही. लाड होतात ते अनेक, मोजदाद न ठेवता. डोहाळे, चोचले हीसुद्धा अशीच घोळक्याने हिंडणारी मंडळी. नखरा तरी क्वचित एकटा सापडतो. कौतुक मात्र नेहमी एकच आणि तेही नपुंसकलिंगी. ते चारचौघांत करता येतं, पत्रातून करता येतं, व्यासपीठावरून शाल घालून करता येतं. लाड पत्रातून होत नाहीत. त्याला हात लागतात. डोक्याला तेल, पाठीला उटणं, भातावर जास्तीचं तूप, ताटातली साखरेची वाटी जरा जवळ सरकवणं. कौतुक तोंडाने, लाड हातांनी, असा मी माझ्यापुरता भेद करून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्याबरोबर चालणारं क्रियापद. लाड करतात आणि लाड पुरवतात. हट्ट पुरवतात, कोड पुरवतात, डोहाळे पुरवतात, आणि रेशन दुकानाला धान्यही पुरवतात. पुरवणं हे पुरणं ह्यातून आलेलं. म्हणजे पुरेल इतकं देणं. आणि त्याच पुरणं ह्यातून आलेला, हात आखडता घेणारा शब्द म्हणजे ‘पुरे’. ‘लाड पुरवा’ आणि ‘पुरे झाले लाड’ ही दोन्ही वाक्यं एकाच मुळाची पोरं. आमच्या घरात पहिलं वाक्य आजी म्हणायची आणि दुसरं आई. मधल्या काळात माझ्या तोंडात काय पडायचं ते पडायचं.

शेजारच्या मारवाडी काकू ‘लाड लडाना’ म्हणायच्या. मला वाटे लाड आणि लढाई ह्यांचं काही नातं असावं. आमचं घर पाहता ते अगदीच चूक नव्हतं.

संस्कृतात ‘लड्’ म्हणजे खेळणं, विलास करणं. लालन त्याच कुळातलं. लालन म्हटलं की मला ते सुभाषित आठवतं ज्यात पोराच्या वयाची वाटणी केली आहे: पाच वर्षं लालन, पुढची दहा वर्षं ताडन, आणि सोळावं लागलं की मित्रासारखं वागवा. आमच्या मास्तरांचा ह्या वाटणीवर फार विश्वास. गंमत अशी की पहिल्या पाच वर्षांतलं कोणालाच काही आठवत नाही आणि पुढच्या दहांतलं सगळं लख्ख आठवतं. सुभाषित करणाऱ्याच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. तो ताडन करणाऱ्यांपैकीच असणार.

आमचं घर एकत्र. आबाजी म्हणजे आजोबा, आजी, तीन भाऊ, त्यांच्या बायका आणि आम्ही अकरा पोरं. मी वडिलांना ‘भाऊ’ म्हणतो. ते माझे भाऊ नव्हेत हे मला पहिल्यापासून माहीत होतं, पण काका त्यांना भाऊ म्हणायचा, आत्या म्हणायची, गडीमाणसं म्हणायची, मग मीही म्हणायला लागलो. कित्येक घरांत पोरं आईला वहिनी म्हणत, ती अशीच. हे नुसतं ऐकून उचललेलं संबोधन नसावं असं मला आता वाटतं. त्या घरात बापाला बाप म्हणून पुढे येण्याची मुभाच कमी होती. वडीलधाऱ्यांसमोर माणसाने स्वतःचं पोर उचलून घ्यायचं नाही, त्याचा मुका घ्यायचा नाही, ते रडत असलं तरी आपण होऊन जवळ करायचं नाही. बायकोशी बोलण्यात जी लाज, तीच पोराला घेण्यात.

एकदा मी उभ्या बैलगाडीच्या साट्यावरून खाली पडलो. कपाळ फुटलं. भाऊ चार पावलांवर गवताची पेंढी सोडत होते, आबाजी ओसरीवर बसून तंबाखू मळत होते. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग आबाजींकडे पाहिलं. आणि मग गोठ्याकडे तोंड करून ओरडले, “अरे, पोट्ट्याले पाह्य रे!” काका धावत आला, मला उचललं, हळद दाबली, खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारल्या. भाऊ पेंढी सोडतच राहिले. पण त्या पेंढीचा आळा सुटता सुटत नव्हता, हे मी काकाच्या खांद्यावरून पाहिलं होतं.

ह्याची दुसरी बाजूही आहे. काकाचा मुलगा बाळ्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला भाऊ बिनधास्त खांद्यावर घ्यायचे. भावाच्या पोराचे लाड करायला कोणाची आडकाठी नव्हती. उलट त्यात मोठेपणा होता. त्यामुळे यात्रेला जाताना बाळ्या माझ्या वडिलांच्या खांद्यावर आणि मी त्याच्या वडिलांच्या. दोन भावांनी आपली पोरं अदलाबदल करून घेतली होती. त्या उंचीवरून मी बाळ्याकडे आणि बाळ्या माझ्याकडे पाहायचा. हेवा दोघांनाही वाटायचा, पण खाली उतरायची तयारी कोणाचीच नसायची.

म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्याकडे लाड सरळ रेषेत यायचे नाहीत, तिरके यायचे. आई वळण लावणार, बाप धाक ठेवणार, आणि लाड करणार ते मामा, आत्या, मावशी, काका, आजी. आपल्या भाषेने चंद्रालासुद्धा मामा केलं, काका केलं नाही. कारण मामाचं घर वेगळं. शेतीचा वाटा त्याच्याकडे नाही, प्रगतिपुस्तकावर सही त्याची नाही, पोर बिघडलं तर गाव त्याला विचारणार नाही. महिनाभर आंबे खाऊ घालायचे आणि जून उजाडला की पोर परत करायचं. नातवंड म्हणजे दुधावरची साय असं आपण म्हणतो, त्यातलाही हिशेब हाच. दूध तापवायचं, उतू जाऊ द्यायचं नाही, करपू द्यायचं नाही, ही कामं आईबापाची. साय आजीची. ज्याला तुमच्यासाठी कोणाला जबाब द्यायचा नसतो, त्याचे लाड सगळ्यात मोकळे.

ह्यामुळेच लाड ह्या शब्दाभोवती नेहमी एक प्रेक्षक असतो. करणारा एक, करून घेणारा एक, आणि बघणारा एक. शब्द कोणता वापरायचा ते हा तिसरा ठरवतो. आपली लेक माहेरी आली आणि आठ वाजेपर्यंत झोपली तर ते माहेरपण. सून झोपली तर चोचले. शेजारणीची सून झोपली तर थेर. माणूस तेच, चादर तीच, घड्याळातली वेळही तीच. आजारी माणसाने आवडीचं मागितलं तर तोंडाला चव नाही बिचाऱ्याच्या. तेच धडधाकट माणसाने मागितलं तर जिभेचे चोचले. ‘लाडात येणं’ मांजराला शोभतं, बदलीसाठी साहेबाच्या खोलीत लाडात येणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही ‘लाडीगोडी लावतो’ म्हणायचो. आमच्या शाळेतले एक गुरुजी छडी हातात घेऊन म्हणत, “ये, तुझे लाड करतो.” त्यांच्याकडून मी लाड करून घेतले आहेत. हातावर वळ उठायचे.

आणि लाडक्याच्या विरुद्ध काय? दोडका. एक लाडका, एक दोडका. भाजीतल्या बिचाऱ्या दोडक्याने काय घोडं मारलं होतं कोण जाणे, नुसतं यमक जुळलं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नावडत्या पोरांचा वाटा त्याच्या डोक्यावर आला. मला दोडका आवडतो. शिरा काढून त्यांची चटणी केली तर दोन भाकरी जास्त जातात.

अकरा पोरांत लाड वाटले जायचे ते तिथीने. हे मला फार नंतर कळलं की आपल्या लोकांनी लाडांचं एक पंचांगच करून ठेवलं होतं. पोटुशी बाई असेल तर सातव्या महिन्यात तिला हिरवी साडी नेसवून, फुलांनी मढवून झोपाळ्यावर बसवायचं. तिच्या डोहाळ्यांना तर शास्त्राचीही साथ. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या दोहदावरून आला, आणि वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनी दोन हृदयांची बाई म्हणून तिच्या मागण्या मोडू नयेत असं बजावलं आहे. संक्रांतीनंतर तान्ह्या पोराला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे. पुण्याकडे त्याला बोरन्हाण म्हणतात, आमच्याकडे ‘लूट’, आणि आमचाच शब्द खरा, कारण बसलेलं पोर कावरंबावरं होतं आणि भोवतीची पोरं लुटून मोकळी होतात. अधिक महिना आला की जावई. दर अडीच-तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना, त्यात जावयाला तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे. आमचे एक आतोबा इतर वेळी एक शब्द बोलत नसत, पण अधिकात अनारसे मोजून घेत. एकदा बत्तीस भरले तर आजी रात्री दहा वाजता पुन्हा कढई चढवायला निघाली होती.

पण ह्या पंचांगातला खरा दिवस पोळा. श्रावणातली अमावास्या. खरं तर त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

दिवसभर बैलांना नदीवर नेऊन घासून घासून धुतलेलं असायचं. आमच्याकडे हिऱ्या आणि लाल्या. दिवेलागणीला आजी एका पितळी वाटीत लोणी आणि हळद कालवून चुलीच्या कडेला ठेवायची, ते पातळ व्हायचं. पळसाची पानं आधीच तोडून आणलेली. भाऊ कंदील खुंटीला लावायचे, अंगातला सदरा काढायचे आणि हिऱ्याच्या बाजूला उभे राहायचे. बैलाच्या मानेवर जिथे जू बसतं ती जागा तुम्ही कधी हाताने पाहिली आहे का? वर्षभराच्या नांगरणी-वखरणीने तिथे कातड्याची जाड गादी झालेली असते, टाचेसारखी कडक, कुठे भेगाळलेली, कुठे केस गेलेली. आमच्याकडे ह्याला ‘खांद’ म्हणतात आणि ह्या विधीला खांदशेकणी. भाऊ पळसाचं पान त्या कोमट लोण्यात बुडवायचे आणि खांदेवर दाबून धरायचे. मग पान टाकून देऊन नुसत्या हाताने. दोन्ही अंगठे मणक्याच्या दोहो बाजूंनी, हळूहळू, पुढून मागे. हिऱ्या मान खाली घालायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि नाकातून असा एक लांब श्वास सोडायचा की समोरचा कडबा हलायचा. भाऊ तोंडाने काहीतरी पुटपुटत असायचे. रोज हेच तोंड त्याच बैलांवर वाट्टेल त्या शिव्या ओतायचं. शेवटी ते त्याच्या कानाशी वाकायचे आणि स्पष्ट म्हणायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” घ्या. या. बैलाला अहोजाहो.

मी गोठ्याच्या दारात बसून हे पाहायचो. सहासात वर्षांचा असेन. मला त्या बैलाचा हेवा वाटायचा, हे सांगायला आता काही हरकत नाही.

आबाजी ओसरीवरच असायचे. पण बैलाचे लाड करायला कोणाची लाज धरायची नसते.

दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. जोड्या तोरणाखाली उभ्या राहायच्या, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हटली जायची. तोरण तुटलं की घरोघरी ओवाळणी आणि बोजारा, म्हणजे बैल घेऊन येणाऱ्याला द्यायचे पैसे. पुरणपोळीचा पहिला घास बैलाला, मग घरच्यांना. त्या दिवशी जू नाही, आसूड नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा. चाकांवर बसवलेले लाकडी बैल ओढत आम्ही घरोघर फिरायचो आणि खाऊ, दहा पैसे, वीस पैसे गोळा करायचो. पंचांगात बैल आधी, पोरं नंतर. क्रम बरोबरच होता. वर्षभर राबलं कोण होतं?

तिसऱ्या दिवशी पहाटे हिऱ्या-लाल्या पुन्हा जुवाला. शिंगांवरचा हिंगूळ उतरायला महिना-दीड महिना लागायचा. रंगलेल्या शिंगांनी ते वखर ओढत.

आता सगळं बदललं ह्यावर लिहिण्यात मला फारसा रस नाही. बदलायचंच असतं. माझा मुलगा त्याच्या मुलीला सगळ्यांदेखत उचलून घेतो, तिच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र करतो, ती खिदळते. आमच्या ओसरीवर असं झालं असतं तर तंबाखू ठसक्यात गेली असती. मला ते पाहायला आवडतं. अडचण एवढीच होते की जो लाड करतो त्यालाच मग रागवावं लागतं, आणि नऊ वाजता मोबाइल काढून घेताना त्याचा चेहरा पोरीपेक्षा रडवेला होतो. तिरकं असं कोणी घरात नाही. मी आहे, पण मी महिन्यातून आठ दिवस. माझ्या खिशात राजगिऱ्याची वडी असते हे सूनबाईंना माहीत आहे. त्या म्हणतात, “बाबा, लाड नका करू हं,” आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी काम काढतात.

मधूनमधून जाहिरातीत वाचतो, ‘स्वतःचे लाड करा’. मालिश, चेहऱ्याला लेप, महागाचं चॉकलेट. त्यात वाईट काही नाही. थकल्या बाईने तासभर दार लावून पडावं, तिला कोणी काही म्हणू नये. पण वाक्य माझ्या कानाला टोचतं. स्वतःची गुदगुली स्वतःला होत नाही तसं काहीसं. मी बायकोला हे ऐकवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “दुसरं कोणी करत नसंल तर काय करावं माणसानं?” मी गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या.

आणि २०२४ च्या जूनमध्ये तर हा शब्द अर्थसंकल्पात गेला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना, एकवीस ते पासष्ट वर्षांच्या बायांना महिना दीड हजार रुपये. बँकेपुढच्या रांगेत बाया एकमेकींना ‘काय वं लाडके’ म्हणून हाका मारत. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी पहिले पैसे जमा झाल्याचा मेसेज मला वाचायला लावला, दोनदा. मग म्हणाल्या, “सख्ख्या भावानं कधी साडीचा तुकडा पाठवला नाही बाप्पा.” सरकारने बाप व्हायचं टाळलं आणि भाऊ व्हायचं ठरवलं, ह्यात ज्याने कोणी नाव सुचवलं त्याचा मराठी कान चांगला असला पाहिजे. भाऊबीजेच्या भावाला वर्षाचा हिशेब कोणी विचारत नाही. पुढे कोण लाडकी आणि कोण नाही ह्याची छाननी निघाली, तेव्हा त्याच रांगेत ‘दोडक्या’ हा शब्द मी ऐकला. यमकाला पर्याय नाही.

भाऊ आता सत्याऐंशीचे. बैल विकून किती वर्षं झाली त्याचा ते हिशेब सांगत नाहीत, गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. दोन वर्षांपासून ते अमरावतीला माझ्याकडे असतात. मागच्या हिवाळ्यात त्यांचा डावा खांदा आखडला. हात वर जाईना, सदरा घालता येईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चढवायची. भाऊंनी पेन्सिलीने भिंतीवर रोजची खूण करायला सुरुवात केली. बारा दिवसांत खुणा तीन बोटं वर सरकल्या आणि मग थांबल्या. रंग नुकताच दिला होता, पण कोणी काही बोललं नाही.

रात्री तेल लावा असंही सांगितलं होतं. ते स्वतःच उजव्या हाताने जमेल तसं लावायचे. मागचा भाग राहून जायचा. एका रात्री मी तिळाचं तेल कोमट करून वाटी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो.

“राहू दे,” ते म्हणाले. “कायले?”

“बसा तुम्ही.”

“सूनबाई काय म्हणतील?”

“काय म्हणतील? वाटी तिनंच दिली.”

ते पलंगाच्या कडेला पाठ करून बसले. सदरा मी उतरवला. इतक्या वर्षांत मी त्यांची उघडी पाठ पाहिली नव्हती असं नाही, पण हात लावला नव्हता. खांद्यावर, गळपट्टीच्या हाडाजवळून मागे जाणारा एक चकचकीत पट्टा होता, दोन बोटं रुंद. फवारणीच्या पंपाचा. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन कपाशीच्या ओळींतून वर्षानुवर्षं फिरलं की पट्ट्याखालची कातडी अशी होते. बाळ्या बसायचा तो हाच खांदा की उजवा, हे मला आठवेना. मी तेल घेतलं आणि अंगठे मणक्याच्या दोहो बाजूंना ठेवून पुढून मागे न्यायला लागलो. कुठे शिकलो होतो असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

भाऊ अवघडून बसले होते. मधूनच दाराकडे बघत होते, जणू ओसरीवरून कोणी खाकरेल. आबाजींना जाऊन चाळीस वर्षं झाली. थोड्या वेळाने त्यांची मान खाली गेली. एक लांब श्वास सोडला. मला वाटलं झोपले.

“हात चांगला आहे तुहा,” ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. वाटीतलं तेल संपत आलं होतं.

“आता शिंगायले रंग नोको लावजो बाप्पा.”